पाहुण्याच्या खोलीतली कारागिरी : जपानचा धडा, म्हैसूरचा प्रश्न

म्हैसूर : 'पारंपरिक हस्तकलेपासून प्रेरित' हे शब्द अलीकडे आलिशान हॉटेलांच्या माहितीपत्रकांत वारंवार दिसू लागले आहेत. या कल्पनेला जगभर प्रतिष्ठा मिळवून दिली ती प्रामुख्याने जपानने. लाकडी जाळ्या, हातकागदाचे सरकते पडदे, गवती चटया आणि मातीची भांडी यांच्या सान्निध्यात घालवलेली एक रात्र हा तेथील पर्यटनाचा महत्त्वाचा अनुभव मानला जातो. ही कल्पना भारतात येते तेव्हा मात्र एक प्रश्न उभा राहतो. खोलीच्या भाड्यात जिचे मोल धरलेले असते त्या कलेच्या कारागिराला या 'प्रेरणे'तून नेमके काय मिळते? शिसवी लाकडावरील जडावकाम, सोनेरी वर्खाची चित्रे, रेशीम, चंदनकाम आणि गंजिफा अशा कलांमुळे ओळखल्या जाणाऱ्या म्हैसूर शहरात हा प्रश्न केवळ सजावटीचा राहत नाही, तो उपजीविकेचा होतो.

जपानमध्ये कारागिरी भिंतीवर नसते, भिंतच कारागिरी असते

जपानी पद्धतीच्या पारंपरिक विश्रामगृहाला 'ऱ्योकान' म्हणतात. यामानाशी प्रांतातील निशियामा ओन्सेन केइउनकान हे ऱ्योकान इसवी सन ७०५ मध्ये स्थापन झाल्याचे मानले जाते आणि जगातील सर्वांत जुने हॉटेल म्हणून त्याची गिनीज विक्रमांत नोंद आहे. अशा विश्रामगृहात पाहुणा पादत्राणे दाराशी काढून आत जातो आणि 'ततामी' या चटयांनी मढवलेल्या जमिनीवर बसतो. भाताच्या पेंढ्याचा थर आणि त्यावर इगुसा नावाच्या लव्हाळ्याचे विणकाम, अशी ततामीची पारंपरिक रचना असते. खोलीचा आकारही किती ततामी बसतात यावरून सांगण्याची तेथे प्रथा आहे. म्हणजे विणकराने ठरवलेले माप हेच घर बांधणाऱ्याचे माप ठरते.

खिडक्या-दारांच्या जागी 'शोजी' असतात. लाकडी चौकटीवर 'वाशी' हा हातकागद ताणून चिकटवलेला असतो आणि त्यातून उजेड गाळून आत येतो. 'कुमिको' ही त्याहून नाजूक कला. लाकडाच्या बारीक पट्ट्यांना खाचा पाडून, खिळा न वापरता त्या एकमेकींत गुंफल्या जातात आणि त्यातून भौमितिक जाळी तयार होते. खोलीतील 'तोकोनोमा' या कोनाड्यात एखादे लोंबते चित्र आणि फुलांची साधी मांडणी असते. ऋतू बदलला की चित्र बदलते आणि फुलेही बदलतात.

या साऱ्यातील अर्थशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. शोजीचा कागद फाटतो, पिवळा पडतो, तो पुन्हा लावावा लागतो. ततामीचे आवरण झिजते, ते आधी उलटवावे आणि नंतर बदलावे लागते. हस्तकला ही इमारतीचाच भाग असल्याने कारागिराचे काम उद्घाटनाच्या दिवशी संपत नाही. दुरुस्ती, देखभाल आणि नूतनीकरण यांतून त्याला वर्षानुवर्षे काम मिळत राहते. शोभेची वस्तू एकदाच विकत घेतली जाते, तर वापरातील वस्तूसाठी कारागिराला पुन्हा पुन्हा बोलवावे लागते.

एका लॉबीचा मृत्यू आणि पुनर्जन्म

आधुनिक हॉटेल आणि पारंपरिक कारागिरी यांच्या मिलाफाचे सर्वांत गाजलेले उदाहरण टोकियोतील हॉटेल ओकुराचे आहे. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकपूर्वी, १९६२ मध्ये हे हॉटेल सुरू झाले. वास्तुरचनाकार योशिरो तानिगुची यांनी त्याच्या लॉबीसाठी पाश्चात्त्य थाट बाजूला ठेवून जपानी परंपरेतील आकार निवडले. प्राचीन काळच्या पैलूदार मण्यांच्या आकाराचे टांगते दिवे, खिडक्यांवर भांगेच्या पानाच्या नक्षीची कुमिको जाळी, आणि वरून पाहिल्यास प्रुनस जातीच्या 'उमे' फुलासारखी दिसणारी गोल मेज-खुर्च्यांची मांडणी, ही त्या लॉबीची ओळख झाली.

२०१५ मध्ये मुख्य इमारत पाडण्यात आली. या निर्णयाविरुद्ध जपानबाहेरूनही वास्तुरचनाकार आणि कलाप्रेमींनी आवाज उठवला होता. २०१९ मध्ये त्याच ठिकाणी काचेचे उंच मनोरे असलेले नवे हॉटेल उभे राहिले. मात्र त्यात जुनी लॉबी तंतोतंत पुन्हा उभारण्यात आली आणि ते काम मूळ रचनाकारांचे पुत्र योशिओ तानिगुची यांनी केले.

या घटनेकडे दोन प्रकारे पाहिले जाते. काहींच्या मते मूळ वास्तू गेली ती गेलीच. दुसरी बाजू अशी की २०१९ मध्ये ती लॉबी पुन्हा घडवता आली, कारण तशी जाळी कापणारे, तसे दिवे घडवणारे आणि तसे कापड विणणारे हात त्या वेळीही जपानमध्ये होते. इमारत पाडल्यानंतरही कला शिल्लक असेल तर ती इमारत पुन्हा उभी राहू शकते. कला लोपली तर उभी इमारतही दुरुस्त करता येत नाही.

कायद्याचे पाठबळ

हे हात आपोआप टिकले नाहीत. १९५०च्या सांस्कृतिक वारसा संरक्षण कायद्याच्या आधारे जपान सरकार निवडक कला आणि त्या जाणणाऱ्या व्यक्तींची निवड करते. अशा व्यक्तींना तेथे लोक 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणतात. १९७४ मध्ये पारंपरिक हस्तकला उद्योगांच्या संवर्धनासाठी स्वतंत्र कायदा आला. वस्तू दैनंदिन वापराची असावी, ती घडवण्याची मुख्य प्रक्रिया हाताने व्हावी, तंत्र आणि कच्चा माल परंपरागत असावा आणि विशिष्ट प्रदेशात पुरेशा संख्येने कारागीर ते काम करीत असावेत, अशा त्याच्या अटी आहेत. तंत्र पारंपरिक ठरण्यासाठी ते साधारण शंभर वर्षे चालत आलेले असावे लागते. आजवर सुमारे २४० कलाप्रकारांना या कायद्याखाली मान्यता मिळाली आहे.

'दैनंदिन वापराची' ही या कायद्यातील पहिलीच अट आहे. संग्रहालयातल्या वस्तूपेक्षा वापरातल्या वस्तूला या कायद्याने प्राधान्य दिले आणि वापर कुठे होईल, याचे एक उत्तर हॉटेलांनी पुरवले.

म्हैसूर : राजवाडा हाच मोठा आश्रयदाता

म्हैसूरची कथा वेगळ्या वाटेने जाते. येथील कारागिरीला सर्वांत मोठे काम मिळाले ते एका आगीमुळे. १८९७ मध्ये जुना लाकडी राजवाडा भस्मसात झाला. हेन्री आयर्विन या ब्रिटिश वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार नव्या राजवाड्याचे काम १९१२ मध्ये पूर्ण झाले. त्या राजवाड्यातील हस्तिदंती जडावाची शिसवी दारे, कोरीव छते आणि भित्तिचित्रे आजही पर्यटकांची पावले थबकवतात. याच काळात, १९०६ मध्ये, चामराजेंद्र तांत्रिक संस्थेच्या इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. सुतारकाम, जडावकाम, कोरीवकाम अशा कलांचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या संस्थांमध्ये तिचे नाव घेतले जाते.

शहरातील राजेशाही पाहुणचाराची ठिकाणेही याच पर्वातली. १९२० मध्ये महाराजांच्या ब्रिटिश पाहुण्यांसाठी मेट्रोपोल हे निवासस्थान बांधले गेले. १९२१ मध्ये चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी ललिता महालाचे काम सुरू झाले. कृष्णराज वडियार चौथे यांनी व्हाइसरॉयच्या मुक्कामासाठी हा महाल बांधवून घेतला आणि त्याचा आराखडा मुंबईचे वास्तुरचनाकार ई. डब्ल्यू. फ्रिचली यांनी केला. १९७४ मध्ये, म्हणजे जपानमध्ये हस्तकला कायदा झाला त्याच वर्षी, ललिता महालाचे हॉटेल झाले. अनेक वर्षे भारतीय पर्यटन विकास महामंडळाने ते चालवले. पुढे त्याचा ताबा कर्नाटक सरकारकडे आला.

आज तेथे उतरणाऱ्या पाहुण्याला शुभ्र घुमट, दुहेरी खांबांच्या ओळी, इटालियन संगमरवराचा जिना आणि नृत्यदालनाचे भोजनगृह पाहायला मिळते. घुमटाची प्रेरणा लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलची असल्याचे सांगितले जाते. वास्तू देखणी आहे, तिला इतिहास आहे; पण तिचा घाट युरोपीय आहे. म्हैसूरच्या कारागिराचे हात जिथे सर्वाधिक स्पष्टपणे दिसतात ती जागा म्हणजे शहरातला मुख्य राजवाडा, आणि तेथे पाहुणा काही तास फिरू शकतो, मुक्काम करू शकत नाही.

शिसवात बसवलेले चित्र

म्हैसूरच्या जडावकामाची रीत पाहिली की या कलेला लागणारा वेळ ध्यानात येतो. प्रथम चित्राचा आराखडा कागदावर काढला जातो. त्यातील प्रत्येक भागासाठी वेगळ्या रंगाचे लाकूड निवडले जाते. फणसाचे पिवळसर, इतर झाडांचे तांबूस, करडे वा पांढरट. रंग लावायचा नसतो. लाकडाचा अंगचा रंग आणि त्याच्या रेषा यांतूनच आकाश, पाणी, हत्तीची कातडी किंवा झाडाची सावली साधायची असते. बारीक पात्याच्या करवतीने तुकडे कापून ते शिसवी फळीवर ठेवतात, कडा आखून घेतात, तेवढा भाग पटाशीने खोदतात आणि तुकडे सरसाने बसवतात. मग घासकाम, बारीक रेषांचे कोरीवकाम आणि शेवटी पॉलिश.

पूर्वी या कामात हस्तिदंत वापरला जाई. वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार थांबला आणि १९९१च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. कारागिरांनी लाकूड आणि अन्य पर्यायी साहित्याच्या बळावर कला पुढे नेली. शिसवाचीही गोष्ट अवघड होत गेली. नैसर्गिक जंगलातील शिसव मिळणे कठीण झाले आणि २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण प्रजातीगटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले. कच्चा माल महाग झाला की कारागिरासमोर दोनच मार्ग उरतात : किंमत वाढवणे किंवा वेळ कमी करणे. वेळ कमी केला की काम कमअस्सल होते आणि किंमत वाढवली की यंत्राने छापलेल्या हुबेहूब दिसणाऱ्या फळीशी स्पर्धा करावी लागते.

म्हैसूर शैलीच्या चित्रांची अडचणही याच जातीची आहे. विजयनगरच्या पाडावानंतर चित्रकारांची घराणी श्रीरंगपट्टणकडे आली आणि वडियारांच्या आश्रयाने ही शैली घडली. यात चित्राचा काही भाग किंचित उंचावून त्यावर सोन्याचा पातळ वर्ख बसवला जातो. तंजावर शैलीत हा उंचवटा ठसठशीत असतो आणि खडेही जडवतात, म्हैसूर शैलीत तो जेमतेम जाणवेल इतकाच असतो. हा संयम हेच तिचे वैशिष्ट्य. पण लांबून पाहणाऱ्याला खरा वर्ख आणि सोनेरी छपाई यांत फरक दिसत नाही आणि हॉटेलच्या मार्गिकेतून चालणारा पाहुणा बहुधा लांबूनच पाहतो.

रेशमाच्या धाग्यात जपान

जपान आणि म्हैसूर यांचा संबंध तुलनेपुरता मर्यादित नाही. जमशेटजी टाटा यांनी जपानमधील रेशीम उद्योग पाहून, जपानी तज्ज्ञांच्या साहाय्याने बंगळूरला रेशीम संशोधनाचे केंद्र उभारले. १८९८ मध्ये, तेव्हा मुंबई प्रांताच्या सेवेत असलेले अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या जपानला जाऊन आले. तेथील उद्योग आणि तांत्रिक शिक्षण यांचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. १९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले आणि त्याच वर्षी म्हैसूरचा रेशीम विणकाम कारखाना सुरू झाला. पुढे १९९०च्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने जपानी सहकार्य संस्थेबरोबर दुबार पिकाच्या, म्हणजे वर्षात दोन पिढ्या देणाऱ्या, सुधारित रेशीमकिड्यांच्या जाती विकसित केल्या.

म्हैसूर रेशमाने एक बाब साधली आहे. कर्नाटक सरकारच्या रेशीम महामंडळाच्या साडीवर स्वतंत्र क्रमांक असतो. साडी कुठून आली, हे ग्राहकाला पडताळता येते. शिसवी फळीवरच्या चित्राला किंवा हॉटेलच्या खोलीतील सजावटीला मात्र बहुतेक वेळा असा क्रमांक नसतो आणि घडवणाऱ्याचे नावही नसते.

सावंतवाडीचा वेगळा प्रयोग

मराठी वाचकाला या प्रश्नाचे एक उत्तर म्हैसूरपेक्षा घराजवळ सापडते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी आणि म्हैसूर यांना जोडणारा धागा म्हणजे गंजिफा, हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ. म्हैसूरला कृष्णराज वडियार तिसरे यांनी या खेळाचे गुंतागुंतीचे प्रकार रचले. सावंतवाडीत दशावतारी गंजिफा रुजली. मत्स्य, कूर्म, वराह अशा दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अंकांची बारा पाने, अशी एकूण १२० पानांची ही जोडी. चिंचोक्याची खळ आणि खडूचा थर देऊन पान तयार करायचे, घोटायचे, रंगवायचे आणि लाखेचा लेप द्यायचा, ही तिची रीत.

छापील पत्ते आल्यावर हा खेळ मागे पडला आणि रंगवणारेही उरले नाहीत. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कलाकाराकडून ही कला शिकून घेतली आणि नव्या हातांना शिकवली. १९७१ मध्ये सावंतवाडी लॅकरवेअर्स ही संस्था सुरू झाली. राजवाड्याच्या दरबार दालनात कलाकार पाने रंगवत बसलेले पाहणे हा तेव्हापासून तेथील भेटीचा भाग झाला. सत्त्वशीलादेवींचे २०१८ मध्ये निधन झाले. त्यानंतरच्या पिढीने राजवाड्याच्या आवारात दशावतारी गंजिफाच्या संकल्पनेवर खोल्या सजवलेले छोटेखानी आर्ट हॉटेल सुरू केले.

आकाराने ओकुरा किंवा ललिता महालाच्या तुलनेत हे हॉटेल फारच लहान आहे. पण येथे क्रम उलटा आहे. आधी कला वाचवली गेली, तिला शिकवणारे आणि शिकणारे मिळाले, आणि अनेक दशकांनंतर पाहुण्यांसाठी खोल्या आल्या. पाहुणा रात्री ज्या चित्राखाली झोपतो, ते चित्र ज्या कलेतले, ती रंगवणारा माणूस सकाळी त्याला हाकेच्या अंतरावर भेटू शकतो.

मानांकन पुरेसे आहे का?

म्हैसूरचे जडावकाम, पारंपरिक चित्रे, रेशीम आणि गंजिफा या सर्वांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. यासाठीचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि २००३ पासून अमलात आला. मानांकनाची नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. त्या प्रदेशाबाहेरच्या मालाला ते नाव लावता येत नाही, हे त्याचे मुख्य संरक्षण. नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यांनाच मानांकनाच्या वापराचा हक्क असतो.

या कायद्याची मर्यादाही समजून घ्यावी लागते. तो नावाचे रक्षण करतो, मजुरीचे करत नाही. कोणा हॉटेलने यंत्रावर कापलेली जाळी बसवली आणि तिला केवळ 'म्हैसूरपासून प्रेरित' म्हटले, तर कारागिराच्या हाती फारसे काही राहत नाही. 'प्रेरित' या शब्दाला कायद्यात मोजमाप नाही. त्यामुळे कामाच्या निविदेत काय लिहिले जाते, याला मोठे महत्त्व येते. सजावटीचे कंत्राट एकगठ्ठा दिले गेले तर कारागीर साखळीच्या शेवटच्या टोकाला जातो. काम थेट त्याला किंवा त्याच्या सहकारी संस्थेला मिळाले आणि देखभालीचा करारही त्याच्याशीच झाला, तर एका हॉटेलमुळे एक कार्यशाळा वर्षानुवर्षे चालू शकते.

पाहुण्याने काय पाहावे

अशा हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यालाही काही गोष्टी सहज पडताळता येतात. कलाकृतीशेजारी कारागिराचे नाव आणि गावाचा उल्लेख आहे का? हस्तकला फक्त स्वागतकक्षात आहे, की खोलीतील दार, पलंग, दिवा, पाण्याचे भांडे यांतही आहे? जडावकामावर बोट फिरवल्यास लाकडाच्या रेषा तुकड्यागणिक दिशा बदलतात का, की एकाच पृष्ठभागावर रंग छापला आहे? काही वर्षांनी ते काम झिजले तर दुरुस्तीला कोणाला बोलावतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थापनाला चटकन देता आले, तर त्या हॉटेलचे कारागिराशी खरे नाते आहे असे समजायला हरकत नाही.

कारागिराच्या मुलाने बापाचा व्यवसाय पुढे चालवायचा की नाही, हा निर्णय बहुधा घरातल्या हिशेबावर होतो. महिन्याकाठी काम किती मिळते, मजुरी वेळेवर येते का, आणि हातातल्या कौशल्याला गावात मान आहे का, हे तो पाहतो. राजवाडा बांधला जात होता तेव्हा म्हैसूरमध्ये या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळत होती. राजाश्रय संपल्यानंतर ती जागा बाजाराने घेतली आणि बाजारातील सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक म्हणजे आज हॉटेल उद्योग.

दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरचा राजवाडा दिव्यांनी उजळतो आणि शहरातील हॉटेलांच्या खोल्या भरून जातात. त्या गर्दीतील एखादा पाहुणा परतताना विमानतळावरच्या दुकानाऐवजी शहरातल्या कार्यशाळेत गेला, पटाशी चालवणाऱ्या माणसाजवळ थोडा वेळ बसला आणि त्याने सांगितलेली किंमत देऊन एक लहानशी फळी घेऊन आला, तर त्या कामाची पुढची ऑर्डर कुठून यायची, याचे एक छोटे उत्तर तेथेच मिळून जाईल.